वरून दिसलेले बांध : ओ. जी. एस. क्रॉफर्ड

मागच्या डिसेंबरात सिमरोलला मी साफ फसले. सुरुवात तिथूनच करते, कारण तसं झालं नसतं तर ज्या माणसाबद्दल लिहायचंय त्याचं नावही मला कळलं नसतं.

सिमरोल म्हणजे इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याला लागलं की लागणारं गाव. पुढे भेरू घाट उतरला की माळवा संपतो आणि निमाड सुरू होतो. इथे आयआयटीचा कॅम्पस आहे. आपल्या मंडळातून बाहेर पडल्यावर मी फिरत फिरत इथे पोचले आणि गेली दोन वर्षं हवाई फोटो आणि लायडारच्या आकड्यांशी झटापट करतेय. तर त्या संध्याकाळी ऊन अगदी तिरपं झालं होतं. गच्चीवरून समोरच्या गव्हाच्या शेतात एक सरळ, इतर पिकापेक्षा जरा जास्तच हिरवी रेघ दिसली. शेताच्या आजच्या हद्दीशी तिचा काहीच संबंध नव्हता, मध्येच सुरू होऊन ती तिरकी जात होती. मला वाटलं, सापडला! जुना बांध, निदान बांधालगतचा बुजलेला चर. दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहाने शेतमालकांना गाठलं. ते हसले. चार वर्षांपूर्वी विहिरीपासून पलीकडच्या शेतापर्यंत त्यांनी पाइपलाइन पुरली होती. चर खणून पुन्हा भरलेल्या भुसभुशीत मातीत मुळं खोल गेली आणि तेवढाच गहू तरारला. माळव्यात बांधाला मेड म्हणतात. त्या जागी मेड कधीच नव्हती, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

सरांना ही फजिती सांगितली तेव्हा ते म्हणाले की क्रॉफर्ड वाच, असल्या चुका कशा टाळायच्या हे त्याने शंभर वर्षांपूर्वी शिकवलंय. मी वाचायला घेतलं आणि पहिल्याच पानावर थबकले. हा माणूस ब्रीच कँडीला जन्मलेला!

आडनावावरून तुम्हाला मार्केट आठवलं असेल, तर ते आर्थर क्रॉफर्ड, मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. हे दुसरे, ऑस्बर्ट गाय स्टॅनहोप क्रॉफर्ड. जगभरच्या पुरातत्त्ववाल्यांना ते ओ. जी. एस. एवढ्यावरच कळतात. जन्म २८ ऑक्टोबर १८८६. वडील चार्ल्स क्रॉफर्ड सनदी नोकरीत, ठाण्याला न्यायाधीश. मूल जन्मलं आणि काही दिवसांतच आई ॲलिस वारली. तीन महिन्यांच्या बाळाला बोखारा नावाच्या बोटीवर चढवून इंग्लंडला पाठवण्यात आलं. बोटीवर त्याला सांभाळलं ते आत्याने. ही आत्या, एलिनोर, नन होती आणि पुण्याच्या कॉन्व्हेंटची प्रमुख होती. तिचा संघ म्हणजे कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन, ज्यांना आपल्याकडे वाँटेजच्या सिस्टर्स म्हणत. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या याच सिस्टर्सकडे, आणि त्यांचा बाप्तिस्माही तिथेच, वाँटेजला झाला. त्यानंतर तीन-साडेतीन वर्षांनी त्याच संघातली एक सिस्टर कडेवर आईविना बाळ घेऊन मुंबईच्या धक्क्यावरून निघाली. रमाबाईंवर आपल्या मंडळात इतके कार्यक्रम झाले, पण हा धागा माझ्या तरी कधी कानावर आला नव्हता.

लंडनला त्याला वडिलांच्या दोन बहिणींनी वाढवलं. दोघी भाविक, शिस्तीच्या, एका स्कॉटिश धर्मगुरूच्या मुली. घरात दुसरं मूल नाही, पुरुष नाही. वडील सुट्टीवर आले तर भेट, तीही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. १८९४ साली वडील भारतातच वारले. मुलगा तेव्हा सात-आठ वर्षांचा. ठाण्याच्या कोर्टात त्या काळीही हद्दीचे आणि बांधाचे दावे चालत असणारच, आणि बापाने निवाडे दिलेल्या बांधांचा मुलाच्या पुढच्या कामाशी धागा जोडायचा मोह मला झाला होता. पण मुलाने बापाला धड पाहिलेलंच नव्हतं, तेव्हा तो मोह आवरते.

पुढच्या वर्षी आत्यांनी लंडन सोडलं आणि हॅम्पशायरमध्ये ईस्ट वुडहे नावाच्या खेड्याजवळ घर घेतलं. इथे त्याला टेकड्या भेटल्या. दक्षिण इंग्लंडच्या या टेकड्या खडूसारख्या पांढऱ्या, मऊ दगडाच्या. वर वीतभर माती, त्यावर आखूड गवत आणि मेंढ्या. मार्लबरोच्या बोर्डिंग शाळेत तो मनातून कुढत राहिला. मुलं छळत आणि सक्तीचे खेळ त्याला नकोसे वाटत. पण शाळेच्या निसर्ग मंडळात पुरातत्त्वाचा एक विभाग होता. त्यातून तो स्टोनहेंज आणि एव्हबरी पाहून आला आणि सुट्टीत ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा खिशात घालून टेकड्या तुडवू लागला. नकाशात काय आहे हे पाहायचं आणि नकाशात नसलेलं काय पायाखाली लागतं हेही पाहायचं, हा नाद जन्मभर सुटला नाही.

ऑक्सफर्डला केबल कॉलेजात ग्रीक-लॅटिनचा मानाचा अभ्यासक्रम त्याने अर्ध्यावर सोडला आणि भूगोल घेतला. तेव्हा ऑक्सफर्डात भूगोल म्हणजे दुय्यम विषय. आपल्याकडे सायन्स सोडून आर्ट्स घेतलेल्यांकडे नातेवाईक जसे बघतात, तसंच काहीसं. पण इतिहासाचे प्रश्न नकाशावर मांडायचे ही त्याची खोड इथेच पक्की झाली. ब्रिटनमध्ये कांस्ययुगातल्या कुऱ्हाडी आणि विशिष्ट मडकी कुठे कुठे सापडली याचे ठिपके त्याने १९१२ साली नकाशावर मांडले. आज हे शाळेतलं पोरही करेल, तेव्हा ते नवीन होतं. १९१३ साली ईस्टर बेटाच्या मोहिमेत सामील होऊन तो बोटीवर चढला खरा, पण मोहिमेच्या प्रमुखांशी असं काही फाटलं की वाटेत केप व्हर्डलाच उतरला आणि परत आला. कुणाच्या हाताखाली राहणं त्याला कधी जमलं नाही. तिथून सुदानात उत्खननावर गेला. मग महायुद्ध.

इथून पुढे त्यांना ते म्हणते, कारण युद्धाने ते एकदम मोठे झाले. आधी खंदकांत, मग लष्कराच्या नकाशा विभागात. १९१७च्या जानेवारीत रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये निरीक्षक म्हणून बदली मागून घेतली. त्या विमानांत निरीक्षक उघड्यावर बसायचा आणि खालचं पाहून नोंदी करायचा. पहिल्याच उड्डाणात जर्मनांच्या गोळ्या उजव्या पायातून आरपार गेल्या. बरे होऊन पुन्हा गेले. १९१८च्या फेब्रुवारीत विमान शत्रूच्या भागात उतरवावं लागलं आणि ते कैदेत पडले. बव्हेरियातल्या लँड्सहूटच्या छावणीतून इझार नदीत पोहत पळायचा प्रयत्न केला, पण प्रवाह जोराचा, तो फसला. मग होल्झमिंडनच्या छावणीत रवानगी. तिथे सोबती भुयार खणत असताना हे आपल्या पहिल्या मोठ्या पुस्तकाचा खर्डा लिहीत बसले. मॅन अँड हिज पास्ट या नावाने ते १९२१ साली छापून आलं.

आपल्या विषयाला उपयोगी पडली ती मात्र कैदेच्या आधीची वर्षं. जमिनीवर लपवलेले खंदक आणि तोफांच्या जागा वरून घेतलेल्या फोटोत कशा उघड्या पडतात हे हजारो माणसांनी त्या युद्धात पाहिलं. क्रॉफर्डना त्या फोटोंत टेकड्या आठवत होत्या. हॅम्पशायरचे डॉक्टर विल्यम्स-फ्रीमन हे त्यांचे वयाने मोठे मित्र. मातीचे जुने तट शोधत तेही रानोमाळ हिंडत. हे सगळं एकदा पक्ष्यासारखं वरून पाहायला मिळालं तर काय होईल, हे बोलणं दोघांत युद्धाच्या आधीच झालं होतं.

१९२०च्या ऑक्टोबरात क्रॉफर्ड साउदम्प्टनला ऑर्डनन्स सर्व्हेचे पहिले पुरातत्त्व अधिकारी म्हणून रुजू झाले. पद त्यांच्यासाठीच निर्माण केलेलं. ऑफिसातल्या जुन्या मंडळींना हा उपटसुंभ मुळीच आवडला नाही. क्रॉफर्ड सायकल काढून सरळ बाहेर पडत. नकाशावरचा प्रत्येक जुना अवशेष जागेवर जाऊन तपासायचा, चुकीचा असेल तर खोडायचा, नवीन सापडला तर घालायचा. वर्षानुवर्षं हेच.

आणि मग १९२२ साल आलं. हवाई दलाच्या सरावात हॅम्पशायरवरून काढलेले काही फोटो होते. त्यांत चमत्कारिक रेघा दिसतात हे क्लार्क-हॉल नावाच्या अधिकाऱ्याच्या लक्षात आलं. फोटो क्रॉफर्डच्या हातात पडले. मोकळ्या टेकडीच्या अंगावर लहान लहान चौकोनांची जाळी पसरलेली. आजच्या कुंपणांची, रस्त्यांची तिला काही पर्वा नाही, सगळ्यांच्या खालून ती चाललेली. क्रॉफर्ड याच टेकड्यांवर लहानपणापासून पायी हिंडले होते. यातले काही उंचवटे त्यांच्या पायांना माहीत होते. पण ते एकमेकांना जोडून अख्खं शिवार होतं हे जमिनीवरून कधीच दिसलं नव्हतं. कागदावर ते एका नजरेत दिसलं.

हे चौकोन कसे उरतात, हे आपल्याकडच्या माणसाला सांगणं सोपं आहे. उताराचं शेत दरवर्षी नांगरलं की माती हळूहळू खाली सरकते आणि खालच्या बांधाला येऊन अडते. वरच्या बाजूला जमीन खणल्यासारखी खोलगट होते, खालच्या बाजूला बांध वाढत जातो. जुन्नरकडे आमच्या शेतात वरून पाहिलं तर बांध गुडघाभर, खालून पाहिला तर छातीएवढा. शेती सुटली, बांधावरचे दगड गेले, दोन हजार वर्षं मेंढ्या चरल्या, तरी ती पायरी पुरती पुसली जात नाही. उंची हातभर उरते, कधी वीतभरच. दुपारी ती दिसत नाही. सकाळ-संध्याकाळी ऊन तिरपं असलं की वीतभर उंचीची सावलीसुद्धा लांब पडते आणि विमानातून रेघ उमटते. नांगरून सपाट केलेल्या शेतात सावली नसते, पण जुन्या बांधाच्या जागी खालचा पांढरा खडू वर आलेला असतो, तो मातीच्या रंगात दिसतो. आणि पीक उभं असेल तर पीकच बोलतं. बुजलेल्या चरावर ओल टिकते, तिथलं धान उंच आणि उशिरापर्यंत हिरवं राहतं. गाडलेल्या भिंतीवर ते खुरटतं आणि लवकर पिवळं पडतं. माझी सिमरोलची पाइपलाइन या तिसऱ्या प्रकारातली.

क्रॉफर्डनी आणखी एक गोष्ट हेरली. लहान चौकोनी शेतं आणि लांबच लांब पट्ट्यांची शेतं अशा दोन जाती फोटोंत वेगळ्या दिसत होत्या. हलक्या नांगराने माती नुसती उकरली जाते, उलटत नाही. म्हणून एकदा उभं, एकदा आडवं नांगरावं लागतं आणि त्याला चौकोनी तुकडा सोयीचा. जड नांगराला आठ-आठ बैल जुंपले की ते वळवणं हेच मोठं काम, म्हणून पट्टी जितकी लांब तितकं बरं. असा तेव्हाचा तर्क. लांब पट्ट्या सॅक्सन लोकांच्या काळाशी जोडल्या जात. मग चौकोनी शेतं त्याआधीची, म्हणजे रोमनांच्या वेळची आणि त्याहून जुनी. क्रॉफर्डनी त्यांना केल्टिक शेतं म्हटलं. नाव आज थोडं गैरसोयीचं झालंय, कारण यातली कितीतरी शेतं कांस्ययुगापर्यंत मागे जातात हे पुढे कळलं. तरी नाव टिकलं. ससेक्समध्ये कर्वेन पिता-पुत्र पायी हिंडून याच निष्कर्षाकडे येत होते, तेही इथे सांगायला हवं.

१९२३च्या मार्चमध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढे त्यांनी हे फोटो मांडले. राजे, लढाया आणि थडगी यांच्या पलीकडचा, साध्या कुणब्याचा इतिहास इतक्या मोठ्या आकारात पहिल्यांदाच लोकांसमोर आला. कुणी नाव ठेवलेलं नाही, शिलालेख नाही, पण कोणी कुठपर्यंत नांगरलं ते टेकडीवर उमटलेलं. मला स्वतःला क्रॉफर्डचं हेच काम सगळ्यांत मोठं वाटतं. स्टोनहेंजमुळे त्यांचं नाव जास्त झालं, ते ठीक आहे.

स्टोनहेंजची गोष्ट थोडक्यात अशी. त्या शिळावर्तुळाकडे येणारा दोन समांतर चरांचा एक प्राचीन मार्ग आहे. त्याचा पुढचा भाग नांगरटीत सपाट झाला होता आणि तो कुठे जातो यावर वाद होते. हवाई दलाने १९२१ साली काढलेले फोटो धूळ खात पडले होते. १९२३ साली क्रॉफर्डना त्यांत एव्हन नदीच्या दिशेने वळत जाणाऱ्या दोन बारीक रेघा दिसल्या. फोटो छापून मोकळे होण्याऐवजी ते सप्टेंबरात पासमोर नावाच्या सहकाऱ्याला घेऊन तिथे गेले आणि रेघेवर खड्डे घेतले. चर खाली होताच. वर्तमानपत्रांनी उचलून धरलं. मग मार्मलेडच्या धंद्यातल्या पैशावर वाढलेले अलेक्झांडर कीलर पुढे आले. त्यांच्या खर्चाने १९२४च्या उन्हाळ्यात दोघांनी विमान भाड्याने घेऊन दक्षिण इंग्लंडवर घिरट्या घातल्या आणि १९२८ साली वेसेक्स फ्रॉम द एअर हे जाडजूड पुस्तक निघालं.

क्रॉफर्ड प्रत्येक वेळी रेघ पाहून थांबत नसत, पायी जाऊन खात्री करत. मी सिमरोलला केलं ते अर्धंच. शेतमालकांना विचारलं हे बरं झालं, पण त्याआधी दोन मैत्रिणींना फोटो पाठवून बढाई मारून झाली होती.

बाकीचं आयुष्य भराभर सांगते. १९२७ साली त्यांनी अँटिक्विटी हे त्रैमासिक सुरू केलं आणि मरेपर्यंत, तीस वर्षं, संपादन केलं. नियतकालिक म्हणजे किती कटकट असते हे आपल्या अंकाच्या संपादकांना विचारा. लग्न केलं नाही. स्वभाव चिडका, एकांडा, पण नवोदितांचे लेख मनापासून छापणारा. आत्यांची श्रद्धा त्यांच्याकडे उतरली नाही, तरुणपणीच ते धर्मापासून दूर गेले. पुढे मार्क्सवादाने भारावले, १९३२ साली सोव्हिएत रशिया पाहून आले आणि उतारवयात त्याच्यावरही रुसले. मांजरांवर मात्र कधी रुसले नाहीत. मांजरांच्या भाषेवर त्यांनी चक्क बीबीसीवर भाषण दिलं होतं.

दुसऱ्या महायुद्धात बाँब पडणार आणि सर्व्हेचं साउदम्प्टनचं ऑफिस जळणार हे ते आधीपासून ओरडून सांगत होते. वरिष्ठांनी मनावर घेतलं नाही. मग शक्य तेवढे जुने नकाशे आणि पुस्तकं त्यांनी स्वतःच नर्सलिंग गावी आपल्या घराच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. १९४०च्या हिवाळ्यात बाँब पडले. उरलेलं बहुतेक सगळं जळालं. ज्या माणसाने पुसलेल्या रेघा शोधण्यात उमेद घातली, त्याच्या डोळ्यांदेखत कागदावरच्या रेघा राख झाल्या. १९४६ साली निवृत्त झाले. २८ नोव्हेंबर १९५७ला नर्सलिंगच्या घरी झोपेतच गेले. थडग्यावर मोठी बिरुदं नाहीत, अँटिक्विटीचा संपादक एवढीच ओळख कोरली आहे. काही पत्रं नष्ट करायची व्यवस्था त्यांनी आधीच लावून ठेवली होती आणि काही कागद ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात २००० सालापर्यंत उघडायचे नाहीत या अटीवर दिले होते.

आज ते असते तर लायडार पाहून काय केलं असतं, असा विचार मी पुष्कळदा करते. विमानातून किंवा ड्रोनमधून जमिनीवर सेकंदाला लाखभर लेसरचे झोत सोडायचे आणि प्रत्येक झोत परत यायला किती वेळ लागला यावरून उंची काढायची, एवढंच ते तंत्र. झाडीवर पडलेले बहुतेक झोत पानांवरूनच परततात, पण काही फटींतून जमिनीपर्यंत पोचतात. तेवढेच वेचून ठेवले की कॉम्प्युटरवर जंगल नाहीसं होतं आणि उघडी जमीन उरते. मग सूर्य हवा त्या दिशेला आणि हवा तेवढा खाली ठेवता येतो. क्रॉफर्ड संध्याकाळच्या उन्हाची वाट पाहत, मी माउस फिरवते. क्रॉफर्डच्या काळी झाडी म्हणजे हवाई फोटोचा शेवट होता. ससेक्सच्या साउथ डाउन्सवर २०१४ साली जंगलाचा लायडार केला तर झाडांखाली तीच चौकोनी शेतं मैलोन् मैल पसरलेली निघाली.

सिमरोलला एवढं सोपं नाही. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, वरची माती भेगांतून खाली जाते. ती दरवर्षी स्वतःलाच नांगरते म्हणा ना. त्यावर ट्रॅक्टर आणि सपाटीकरण. खडूच्या टेकडीने दोन हजार वर्षं जपलेलं इथे वीस वर्षांतही जातं. घाटाच्या बाजूच्या मुरमाड उतारांवर थोडं काही उरतं, तिथेच आमचं काम चाललंय. पाइपलाइन, बैलगाडीची जुनी वाट, मेंढरांची पायवाट आणि खरी मेड यांत फरक करायला अजूनही गावातल्या म्हाताऱ्या माणसांइतकं चांगलं साधन नाही.

आता घरचं, जे इतका वेळ टाळत होते. जुन्नरच्या शेतावरून बाबा आणि धाकटे काका यांचं सहा वर्षं वाजलंय. काकांनी बांध कोरला असं बाबांचं म्हणणं, आणि मुळात बाबांनीच तो सरकवला असं काकांचं. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना यापुढे काही सांगायला नको. दरवर्षी फाळ वीतभर बांधात घालायचा, दहा वर्षांत दोन तासं आपल्याकडे. मोजणी झाली, ती एकाला मान्य नाही. मी असल्या फोटोंचं काम करते हे कळल्यावर दोघांनीही, एकमेकांना पत्ता न लागू देता, मला फोन केला की जुना फोटो शोध आणि बांध कुठे होता ते दाखव.

तसा फोटो मिळू शकतो. अमेरिकेने १९६० ते १९७२ या काळात कोरोना नावाच्या हेर उपग्रहांतून जगभरचे फोटो काढले होते आणि १९९५ साली ते सगळ्यांना खुले केले. फिल्म डब्यात घालून अवकाशातून खाली सोडत आणि विमानाने ती हवेतच झेलत. आमच्या गावावरचा एक सापडला. पण यातल्या सगळ्यांत चांगल्या फोटोतही दोनेक मीटरहून बारीक काही ओळखू येत नाही, आणि घरचं भांडण आहे तीन फुटांचं. मी दोघांनाही हे फोनवर समजावलं. दोघांनाही वाटलं की मी दुसऱ्याच्या बाजूची आहे.

तरी मी तो फोटो मोठा करून, सध्याच्या हद्दी त्यावर पातळ रेघेने टाकून पाहिल्या. उजवीकडे ओढा ओळखू आला, वरच्या अंगाला वाट आली, शेजाऱ्यांचे बांध झाडांच्या रांगांमुळे स्पष्ट दिसले. आमच्या भांडणाच्या जागी काहीच नव्हतं. अख्खं शेत एका रंगाचं. मी तीन वेळा जुळवून पाहिलं, मग आत्याला फोन केला, कारण घरात तीच सगळ्यांत मोठी. तिने सांगितलं की तिथे बांध नव्हताच. आजोबांनी वाटणी केली त्या वर्षी दोघा मुलांना घेऊन त्यांनी दोरी धरून तो घातला, तेव्हा काका शाळेत होते. मातीही दोघांनी मिळून टाकली होती म्हणे.

फोटोच्या दोन प्रती काढल्या आणि दोघांना पोस्टाने पाठवल्या. सोबत आत्याचं म्हणणं लिहिलं, दुसरं काही लिहिलं नाही. बाबांनी प्रत सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली आणि त्यावर एक शब्द बोलले नाहीत. काकांचा आठवड्याने फोन आला. शेताच्या मधोमध जो काळा ठिपका दिसतोय तो आंबाच ना, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं की आकारावरून मोठं झाड वाटतंय, पण आंबा की काय ते इथून सांगता येणार नाही, बाबांना विचारा.